लॅपटॉपची खोळ

आमच्या घरी लॅपटॉप आला तो स्टँडवरून हातगाड्यावर, ज्वारीच्या पोत्याशेजारी. मामा नांदेडला एका कचेरीत कामाला होता. तिथली जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा त्यातलं एक त्याने मागून घेतलं, आणि ताडकळसला बहिणीकडे येताना शेतातल्या ज्वारीबरोबर तेही घेऊन आला. पोतं उतरवताना मायला म्हणाला, "हे खायाला, अन् हे पोरींला शिकायाला." काळा, जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर व्हावेत इतका जड लॅपटॉप. बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की तोही त्याच क्षणी जायचा. माझा परभणीतला संगणक-दुरुस्तीचा वर्षाचा कोर्स नुकताच संपला होता, रोज एसटीने जाऊन-येऊन केलेला. त्या विषयातलं मला सगळं कळतं असं घराचं मत होतं, गल्लीचं होतं, आणि सर्वांत ठाम मत माझं स्वतःचं होतं.

घर म्हणजे विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, मागच्या अंगाला चूल. बाबा गावातल्या शाळेत शिपाई होते. घंटा वाजवण्याचं काम त्यांच्याकडे असल्यामुळे घरातही ते वेळच बोलत. "साडेसहा झाले." "पावणेनऊ झाले." पुढचं ज्याने त्याने समजून घ्यायचं. सकाळी आधी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग बाबांच्या सायकलची साखळी, मग परभणीच्या पहिल्या गाडीचा हॉर्न. दुपारी पत्रे तापून टकटक वाजायला लागायचे आणि माय दारात पाय पसरून वाकळ शिवायला बसायची. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. अर्ध्या गावाच्या वाकळी तिच्या हातच्या होत्या. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून टाकायचे आणि माय त्यांचे थरावर थर लावून, तांदळाएवढे टाके घालत कडेकडेने आत सरकत जायची. आपण शेजारी बसून बोलत असलो तरी तिचा हात थांबायचा नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्याही कापडाला हात लावून ते धुतल्यावर किती आटेल हे ती सांगायची. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आमच्या चुलीमागची भिंत ओलांडली की गोविंदरावांचं खत-बियाण्याचं दुकान. त्यांनी दुकानात इंटरनेट घेतलं तेव्हा जोडणारा माणूस परभणीहून यायला आठवडा लावणार होता, म्हणून त्यांनी बाबांना निरोप दिला, "पोरीला पाठव." मी गेले, तासाभरात सगळं जोडून दिलं. खूश होऊन ते म्हणाले, "तुमच्या घरापर्यंत येत असंल तर वापरा खुशाल. मला काय त्याचा भार न्हाई." गोविंदराव आमच्या घरी कधी पाणी प्यायले नाहीत, पण त्यांच्या दुकानातलं इंटरनेट आमच्या चुलीपर्यंत येत होतं. आमच्या लॅपटॉपला मात्र ते पकडता येत नव्हतं, कारण आत बिनतारी जोडणीचं कार्डच नव्हतं. कचेरीने काढून घेतलं असावं. मी परभणीतून जुनं कार्ड मिळवलं. लॅपटॉप उपडा करून पोटावरचं छोटं झाकण उघडलं, बोटाएवढं ते कार्ड तिरकं आत घातलं, दाबलं आणि काळी-पांढरी अशा दोन केसासारख्या तारा त्याच्यावर बसवल्या. एवढं दहा मिनिटांत झालं. त्यानंतर त्या कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर शोधण्यात तीन दिवस गेले. सापडलेलं प्रत्येक जवळचं असायचं, पण त्याचं नसायचं. चौथ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात गोविंदरावांच्या दुकानाचं नाव उमटलं आणि मी ओरडले, "आलं!"

"कोण आलं?" बाबा बाहेरून म्हणाले.

"त्येच, भिताडातून येणारं," माय म्हणाली. "आलं का गं? बसव मग त्याला."

मी हसून हसून लोळले. सिग्नल चुलीजवळच चांगला मिळायचा, म्हणून लॅपटॉपची जागा पिठाच्या डब्यावर ठरली. तिथे त्याच्यावर पीठ उडतं, फोडणीचे शिंतोडे उडतात, म्हणून मी कुरकुर करायला लागले. चार दिवसांनी मायने खोळ शिवून ठेवली. बाबांचं जुनं धोतर आत, तिचं हिरवं लुगडं बाहेर, मध्ये दोन थर, आणि तोंडाला उसवू नये म्हणून दुहेरी जाड काठ. लॅपटॉप त्यात आडवा सरकवायचा. मोजमाप न घेता, नुसत्या नजरेने शिवलेली ती खोळ चांगली चार बोटं सैल होती. मी म्हणाले, "सैल झाली गं." ती म्हणाली, "आसू दे. धुतल्यावर बसंल."

माझी धाकटी बहीण सुजाता माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तिला नर्स व्हायचं होतं. मायचं ऑपरेशन झालं तेव्हा सुजाता तिच्याजवळ दवाखान्यात राहिली होती. परत आली ती नर्सबाईंची चाल शिकूनच. बारावीला मार्क चांगले पडले, नर्सिंगच्या गुणवत्ता यादीत नाव आलं. आता राहिलं होतं ते एवढंच, की कोणतं कॉलेज आधी हवं, कोणतं नंतर, ते इंटरनेटवरून भरायचं. तीन दिवसांची मुदत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पहिल्याच दिवशी तिच्या मैत्रिणी परभणीला जाऊन कॅफेत रांग लावून भरून आल्या. मी सुजाताला म्हटलं, "आपल्या घरात सगळं हाय, रांगेत कशाला उभं राहायलीस? नीट विचार करून भरू." दुसऱ्या दिवशी मामाशी फोनवर बोलून कॉलेजांचा क्रम ठरला. त्या दुपारी लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. तेव्हाच भरता आलं असतं, पण चारला लाइट गेली. सकाळी भरू म्हणून झोपलो.

त्या आठवड्यात लाइट सकाळी अकराला यायची आणि चारला जायची. तिसऱ्या दिवशी माय लवकर उठली होती. पोरीच्या कामाचा दिवस म्हणून तिने चूल सारवली, धपाट्यांचं पीठ मळलं. आदल्या दुपारीच तिने ती खोळ धुऊन पत्र्यावर वाळत घातली होती आणि सकाळी लॅपटॉप तिच्यात घालून पिठाच्या डब्यावर ठेवून दिला होता. चांगल्या कामाला मळकं कापड नको, एवढाच तिचा विचार. अकराला लाइट आली. सुजाताने लॅपटॉप खोळीतून ओढून काढला. जरा जोर लावावा लागला. चालू केला, आणि म्हणाली,

"अक्का, दिसंना गं."

"काय दिसंना?"

"गोविंदकाकाचं नाव. कुणाचंच नाव येत न्हाई."

गोविंदराव सकाळीच पालमला लग्नाला गेले होते, दुकानाचं शटर खाली. पण त्यांचा मोडेम बॅटरीवर चालूच असायचा आणि शटरच्या फटीतून त्याचे हिरवे दिवे मी स्वतः जाऊन पाहिले. म्हणजे दोष आमच्याकडेच. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एक वर्ष शिकले ते आता सगळ्यांना दिसणार होतं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. कार्डाचं सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्या लॅपटॉपला चालू व्हायलाच आठ-दहा मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ आम्ही तिघी चुलीपुढे बसून त्या पडद्याकडे बघायचो. मग मी झाकण उघडलं, कार्ड बाहेर काढलं. त्याच्या कडेला सोनेरी दाते असतात, ते खोडरबरने घासायचे ही आमच्या सरांची शिकवण. घासले, फुंकलं, बसवलं. काहीही नाही.

मायने धपाटे आणि दही पुढे ठेवलं. कुणी हात लावला नाही. दीडला बाबा जेवणाच्या सुट्टीत आले. पसरलेले स्क्रू पाहिले आणि म्हणाले, "दीड झाला."

"होतंय बाबा."

ते उभ्यानेच अर्धा धपाटा खाऊन थांबले. "पावणेदोन झाले. दोनची गाडी हाय. तिनं जावा दोघी परभणीला, साडेतीनला पोचताल. कॅफेत भरा अन् या."

"कशाला जायाचं? दहा मिनिटांचं काम हाय."

"दहा मिनटं अकरा वाजल्यापासून चालू हायेत का?" माय म्हणाली. ती चिडून बोलली नव्हती, पण मला ते झोंबलं.

बाबांना दोनची घंटा द्यायला परत जायचं होतं. जाताना सुजाताला म्हणाले, "तू जा." सुजाता उठली. तिने कागदांची फाइल छातीशी धरली, पायात चपला घातल्या. मी मान वर न करता म्हटलं, "बस खाली. माझ्यावर भरवसा न्हाई का तुझा?"

ती उभीच राहिली. मायने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. सुजाताने चपला काढल्या आणि येऊन माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळाने शाळेची घंटा वाजली आणि तिच्याबरोबरच स्टँडवरून गाडीचा हॉर्न आला. परभणीला वेळेत पोचवणारी ती शेवटची गाडी होती. फोनवरून कॅफेवाल्याला सांगून भरून घेता आलं असतं का? आलं असतं. मला सुचलं नाही असं नाही. मी ते सुचू दिलं नाही. आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येतं आणि म्हणतं, मॅडम, आज अमक्याची शेवटची तारीख आहे. मी यंत्राला हात लावायच्या आधी त्याला माझ्या टेबलावरच्या संगणकावर बसवते. आधी भर, मग बघू. दुकानात काम शिकायला आलेल्या नव्या मुलींना वाटतं, मी फार दयाळू आहे.

चारला लाइट गेली. पडदा काळा झाला आणि त्यात आमची तिघींची तोंडं दिसली. सुजाता रडली नाही. "गेली," एवढंच म्हणाली. मी खोळ उचलली. तिचा जाड काठ हाताला गार लागला, दुहेरी असल्यामुळे तिथे थोडी ओल राहिली होती. मला तेवढं पुरे झालं.

"ही धुतली व्हती का तू?"

"काल. मळली व्हती गं."

"अन् ओलीच घातली? कार्डात ओल गेली, जळालं ते! तुला कुणी सांगितलं व्हतं हात लावायला?"

"वाळली व्हती गं माय," माय मलाच माय म्हणत म्हणाली. "काल दुपारपासून पत्र्यावर व्हती." मग तिने काठ चाचपून पाहिला. पाच वाजेपर्यंत ती खोळ हातात घेऊन तिथेच बसून होती. संध्याकाळी धपाटे शेळीपुढे टाकले.

दोन आठवड्यांनी मी लॅपटॉप घेऊन परभणीला सरांकडे गेले, त्याच खोळीत घालून. सरांनी तो खोळीतून ओढून काढला, चालू केला, पडद्याकडे पाहिलं आणि काही न उघडता अंगठा लॅपटॉपच्या पुढच्या कडेवरून फिरवला. तिथे, तळहात टेकतात त्याच्या खाली, नखाएवढी एक सरकपट्टी होती. ती त्यांनी डावीकडून उजवीकडे सारली. तिच्याखाली हिरवा ठिपका दिसला आणि पडद्यावर आजूबाजूच्या पाच-सात ठिकाणांची नावं झरझर आली. बिनतारी जोडणी चालू-बंद करायचं ते बटण. आमच्या वर्गातल्या कुठल्याच यंत्राला ते नव्हतं, आणि घरच्याची ती पट्टी मी झाकणाची जुनी कडी समजून सोडून दिली होती. सर म्हणाले, "एवढ्यासाठी गाडीनं आलीस?" मी हसले. लॅपटॉप परत खोळीत घातला. धुऊन आटलेली खोळ आता अगदी घट्ट बसत होती. घरी येऊन काढला आणि पाहिलं, तर हिरवा ठिपका दिसत नव्हता. पट्टी पुन्हा डावीकडे. मी ती सारली, पुन्हा खोळीत घातला, काढला. पुन्हा डावीकडे. काठाचा जाड टाका जाताना-येताना पट्टीला आपल्याबरोबर ओढत होता. ओलीचा काही संबंध नव्हता.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणले सर?"

मी म्हणाले, "कार्ड गेलं होतं. त्यांनी दुसरं घालून दिलं."

"ओलीनंच ना?" मायने विचारलं. तिने भाकरी माझ्या ताटात टाकली होती आणि तिचा हात अजून ताटावरच होता.

"हो," मी म्हणाले. "ओलीनंच."

का म्हणाले याचं उत्तर मी इतक्या वर्षांत स्वतःला निरनिराळं दिलं आहे. खोळीनेच तर झालं होतं, मग फार खोटं कुठे बोलले, असं एक. पट्टीचं सांगितलं तर मायला आणखीच लागेल, असं दुसरं. दोन्ही उत्तरं नंतर जुळवलेली आहेत. सुजाता समोर जेवत होती, आणि नखाएवढी पट्टी मला दिसली नाही म्हणून तुझी गाडी गेली, हे तिच्या तोंडावर सांगायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू असं ठरलं होतं. त्याआधी पालमकडचं स्थळ आलं, माणसं चांगली होती, लग्न झालं. सुजाता आज तिकडे अंगणवाडीत काम करते. गावात कुणाला इंजेक्शन द्यायला नर्स आली की ही शेजारी उभी राहून बघते, असं तिच्या नवऱ्याने मला एकदा हसत सांगितलं. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दरवर्षी संक्रांतीला तिळाचे लाडू पाठवते.

मायचं मात्र सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याचा अर्थ एकट्या मला माहीत होता. तिने त्यानंतर लॅपटॉपला हात लावला नाही. मग घरात टीव्ही आला, मिक्सर आला, मोबाइल आले; तिने कशालाच हात लावला नाही. फोन आला की दोन्ही हात पदरात घेऊन म्हणायची, "तूच धर माझ्या कानाला. माझा हात चांगला न्हाई असल्याला." नातवंडांना ती गंमत वाटायची. ती मुद्दाम तिच्या हातात रिमोट द्यायची आणि माय तो चटका बसल्यासारखा खाली ठेवायची. सगळे हसायचे. मीही हसत होते. परभणीत दुकान टाकलं त्या दिवशी तिला दाखवायला आणलं. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि निघेपर्यंत तिने टेबलालाही हात टेकला नाही. सांगायला याहून चांगली संधी नव्हती. गिऱ्हाईक आलं आणि ती संधी गेली. गिऱ्हाईक कधीही येतंच.

गेल्या वर्षी माय वारली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि सुजाता आणि मी तिची पेटी उघडायला बसलो. तळाशी लॅपटॉप निघाला. तो कायमचा बंद पडल्यावर मी भंगारात देणार होते, तेव्हा "ठेव, पोरींचा हाय" म्हणून तिने मागून घेतला होता. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, दोऱ्याने बांधून पेटीच्या एका कडेला ठेवलेला. खोळ दुसऱ्या कडेला होती, घडी घालून, आणि दोन्हींच्या मध्ये तिच्या साड्या. कोरडी ठणठणीत खोळ, तरी तिने ती त्याच्याजवळ ठेवली नव्हती.

सुजाताला ते लगेच दिसलं. "बघ," ती म्हणाली, "मायनं येगळी ठेवली."

मी पिशव्या सोडल्या. पट्टी उजवीकडे सारली, हिरवा ठिपका सुजाताला दाखवला. लॅपटॉप खोळीत घातला आणि ओढून काढला. ठिपका गेला होता. मग मी तिला सगळं सांगितलं, सरांकडे गेलेल्या दिवसापासून जेवणातल्या त्या "हो"पर्यंत. वेळ फार लागला नाही. चार-पाच वाक्यांचंच काम होतं ते.

सुजाताने लॅपटॉप मांडीवर घेतला. अंगठ्याने पट्टी उजवीकडे नेली, डावीकडे नेली, पुन्हा उजवीकडे. बराच वेळ ती तेच करत होती. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते. काय काय बोलेल याची तयारी मी पुष्कळ वर्षं करून ठेवली होती, गाडीबद्दल, चपलांबद्दल.

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "मायला सांगाया पायजे व्हतं तू."

मी "हो" म्हणाले. तिने लॅपटॉप खोळीत सरकवला आणि पेटीत, साड्यांच्या वर, ठेवून दिला.